हिंवाळ्याच्या आधीं

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें ९:३६-४२, २ तीमथ्य ४:१३, २१.



प्रेषित पौल रोम शहरीं बंदिवासांत असतां त्यानें तीमथ्यास जें शेवटचें पत्र लिहिलें, त्यांत विश्वासाविषयीं, दुःखसहनाविषयीं आणि येणाऱ्या कठीण दिवसांविषयीं मोठमोठ्या गोष्टी आहेत. त्याच पत्राच्या अखेरीस दोन लहानशा मागण्या आहेत. त्यांकडे आमच्या मंडळ्यांचें लक्ष सहसा जात नाहीं. पहिली ही कीं, त्रोवस येथें कार्प नांवाच्या मनुष्याजवळ राहिलेला झगा तीमथ्यानें येतांना घेऊन यावा. आणि दुसरी ही कीं, त्यानें हिंवाळा लागण्याच्या आधीं निघून यावें. पुस्तकें व चर्मपत्रेंहि त्यानें मागितलीं आहेत, पण झग्याचें नांव अगोदर आहे.

ज्या मनुष्यानें इतकीं दर्शनें पाहिलीं, ज्यानें इतक्या मंडळ्या स्थापिल्या, त्याच्याहि हाडांत थंडी शिरत होती. देवानें त्याच्यासाठीं ऊब आकाशांतून पाठविली नाहीं. ती एका वस्त्रांतून यावयाची होती, आणि तें वस्त्र कोणी तरी, कोठें तरी, आपल्या हातांनीं केलेलें होतें. तें करणाराचें नांव आपणांस ठाऊक नाहीं.

आमच्या या दख्खनच्या पठारावर मार्गशीर्ष-पौषांत थंडी कशी पडते हें वाचकांस सांगावयास नको. निफाडच्या बाजूस पारा कांहीं वर्षीं ५ अंशांच्याहि खालीं उतरतो. दुपारीं ऊन लागतें म्हणून शहरांतले लोक म्हणतात कीं, येथें हिंवाळा कसला? त्यांनीं पहांटे चार वाजतां उसाच्या फडाशेजारीं पाचटाच्या कोपींत निजलेल्या लेंकरास विचारावें. बीडकडील ऊसतोड कुटुंबें दिवाळीच्या सुमारास गांव सोडतात, आणि हंगाम संपेपर्यंत अशाच कोप्यांत त्यांचा संसार असतो.

म्हणून या खेपेस आम्ही लोंकरीच्या विणकामाविषयीं लिहीत आहों. टोपी, गळपट्टा, हातमोजे, पायमोजे, असे हिंवाळ्याचे लहानसहान जिन्नस आपल्या हातांनीं करावे, आणि एकेक जिन्नस करतांना त्या विद्येचा एकेक नवा भाग शिकावा, हा आमचा विषय आहे. कोणी म्हणेल, हें उपदेशाचें पान आहे कीं शिवणवर्गाचें? त्यास आमचें उत्तर यापो येथें आहे.

यापोंत टबीथा नांवाची एक शिष्या होती. ग्रीक भाषेंत तिला दुर्कस म्हणत. दोन्ही नांवांचा अर्थ हरिणी असाच आहे. नव्या करारांत शिष्य या शब्दाचें ग्रीक स्त्रीलिंगी रूप एकदांच आलें आहे, आणि तें हिच्यासाठीं आलें आहे. असें असून हिच्या तोंडचा एक शब्दहि शास्त्रांत नाहीं. ती उपदेश करीत असेल, नसेल. लूकानें तो लिहिला नाहीं. त्यानें लिहिलें तें तिच्या हातांविषयीं. ती मेल्यावर दोन माणसें लोद गांवीं धांवत गेलीं, पेत्र आला, आणि माडीवर त्याच्यासभोंवतीं विधवा रडत उभ्या राहून तिनें केलेले अंगरखे व वस्त्रें दाखवूं लागल्या. मूळ भाषेवरून कित्येक टीकाकार असें म्हणतात कीं, त्या तीं वस्त्रें पेटींतून काढून दाखवीत नव्हत्या, आपल्या अंगावरचींच दाखवीत होत्या. आम्हांसहि तें खरें वाटतें. विधवेजवळ दुसरें वस्त्र कोठून असणार?

आमच्या मंडळीच्या वहींत प्रत्येकाच्या नांवापुढें हजेरी व वर्गणी लिहिलेली असते, आणि ती लिहिलीच पाहिजे. पण यापोंत पेत्रापुढें कोणीं वही ठेविली नाहीं.

टबीथेनें सुयांवर लोंकर विणली असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. आजच्या पद्धतीचें विणकाम त्या काळीं त्या देशांत नव्हतें. या कलेचे जे सर्वांत जुने नमुने मिळाले आहेत ते इजिप्त देशांतील सुमारें ११ व्या शतकापासूनचे आहेत. युरोपांत ही कला त्यानंतर पसरली. जर्मनींत मिंडनचा बर्ट्राम नांवाचा एक चित्रकार होता. त्यानें इसवी सन १४०० च्या सुमारास बुक्स्टेहुडे येथील वेदीसाठीं चित्रें काढिलीं. त्यांतील एका चित्रांत मरीया चार सुयांवर बिनशिवणीचा अंगरखा विणीत बसली आहे. देवदूत क्रूस घेऊन समोर आले आहेत, आणि तिच्या हातांत सुया आहेतच. योहानाच्या शुभवर्तमानांतील अंगरखा मागावर विणलेला होता. चित्रकारानें आपल्या गांवच्या बायकांचें काम प्रभूच्या आईच्या हातीं दिलें. इतिहास म्हणून हें बरोबर नाहीं, पण आम्हांस त्या चित्रकारावर रागावतां येत नाहीं.

आतां शिकण्याविषयीं. निर्गमाच्या ३५ व्या अध्यायांत निवासमंडपाचें काम चाललें असतां बसालेल व अहलियाब या कारागिरांविषयीं सांगितलें आहे कीं, देवानें त्यांस सर्व प्रकारची कारागिरी दिली, आणि त्याबरोबर दुसऱ्यांस शिकविण्याचीहि बुद्धि दिली. त्याच अध्यायांत शहाण्या स्त्रियांनीं आपल्या हातांनीं सूत कातून आणिलें, कांहींनीं बकऱ्यांचे केंस कातले, असें आहे. शिकविणें हें दान आहे ही गोष्ट आमच्या मंडळ्यांत पुष्कळांस ठाऊक आहे. शिकणें हेंहि दान आहे, ही तितकी ठाऊक नाहीं. चाळिशी उलटलेल्या मनुष्यास नवी गोष्ट शिकणें फार जड जातें. बुद्धि मंद झालेली नसते. मान ताठ झालेली असते. बोर्डिंगांत शिकून आलेली चौदा वर्षांची मुलगी विणकाम जाणते, आणि उपदेशकाची बायको, जी तिला नामकरणाच्या दिवशीं मांडीवर घेऊन बसली होती, ती तिच्यापुढें सुई धरावयास लाजते. बोटें अडखळतील, पोर हंसेल, म्हणून ती म्हणते, मला चष्मा नाहीं, मला वेळ नाहीं. प्रभूनें लेंकरासारखें व्हावयास सांगितलें तें येथें फार सोप्या रीतीनें करतां येतें, आणि नेमकें येथेंच कोणी करीत नाहीं.

पुरुषांचें असें कीं, ते हें बायकांचें काम समजतात. युरोपांत १६ व्या व १७ व्या शतकांत विणकरांचे जे संघ होते ते पुरुषांचे होते. कित्येक संघांत उमेदवारास उस्तादाचा मान मिळविण्यासाठीं टोपी, मोजे, अंगरखा आणि फुलांच्या नक्षीचा गालिचा विणून दाखवावा लागे. पौलहि करिंथांत अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरीं राहून तंबू करीत असे. तेव्हां उपदेशक बंधूंनीं रात्रीं भजनानंतर सुया हातीं घेतल्या तर त्यांच्या मानास धक्का लागणार नाहीं.

मागावरचें कापड तुम्हीं पाहिलें आहे. धनगर मेंढरें कातरतात, त्यांच्या बायका लोंकर कातितात, सनगर घोंगडी विणतो. तिच्यांत ताणा व बाणा असे धागे एकमेकांस आडवे जातात, म्हणून घोंगडी ताणली जात नाहीं. सुयांवरच्या विणकामांत धागा एकच असतो. त्याचा फास करावयाचा, त्या फासांतून दुसरा फास ओढून घ्यावयाचा, आणि असेंच पुढें चालावयाचें. प्रत्येक टाका खालच्या टाक्यांतून वर आलेला असतो आणि वरच्या टाक्यानें धरलेला असतो. म्हणून हें कापड ताणतें, आणि पुन्हां अंगाशीं येऊन बसतें. टोपीला व मोज्याला हाच गुण पाहिजे. आमच्या मेंढरांची लोंकर राठ असते. घोंगडीला ती उत्तम, परंतु लेंकराच्या कानाला टोंचते, त्यामुळें विणकामासाठीं मऊ लोंकरीचा गुंडा बाजारांतून आणावा लागतो.

आरंभ गळपट्ट्यापासून करावा. चार मिलिमीटरच्या दोन सुया घ्याव्या, सुमारें ४० टाके घालावे, आणि प्रत्येक ओळ सुलटच विणीत जावी. दीड मीटर लांबी झाली म्हणजे टाके बंद करावे. यांत कांहीं कठीण नाहीं. पण पहिल्यानें शिकणाराचा गळपट्टा बहुधा एका टोंकाला अरुंद आणि दुसऱ्या टोंकाला रुंद होतो, कारण कांठाशीं न कळत एखादा टाका वाढतो. वाढतांना तो दिसत नाहीं. वीस ओळी झाल्यावर दिसतो. यास एकच उपाय आहे, तो हा कीं, थोड्या थोड्या ओळींनीं टाके मोजावे. ज्यांस मोजतां येत नाहीं अशा आमच्या एका वृद्ध आई ४० चिंचोके मांडींत घेऊन बसतात, आणि टाक्यागणीक एक चिंचोका सरकवितात. त्यांचा गळपट्टा शिकलेल्या मुलींच्यापेक्षां सरळ झाला.

दुसरी गोष्ट, टाका गळणें. सुईवरून एक टाका निसटला तर तो एकटा जात नाहीं. त्याच्या खालचा उसवतो, त्याच्याहि खालचा उसवतो, आणि शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे मागें राहतात. नवशिके येथें दोन प्रकारें वागतात. कोणी घाबरून सर्वच उसवून टाकतात. आणि कोणी तें भोंक गांठ मारून झांकतात व पुढें विणीत जातात. गांठ मारलेलें वरून नीट दिसतें, पण टोपी धुतली, ताणली, कीं तेथेंच फाटते. जाणता मनुष्य क्रोशाचा आंकडा घेतो, अगदीं तळाशीं जातो, जेथें तो टाका अजून सांपडतो तेथून त्याला धरतो, आणि एकेक पायरीनें वर आणून सुईवर बसवितो. मध्यली एकहि पायरी सोडतां येत नाहीं. आमच्या मंडळींत एखादें कुटुंब उपासनेस येईनासें होतें, तेव्हां आम्ही वरून हांक मारतों. पंचांमार्फत निरोप पाठवितों. वार्षिक सभेंत नांव वाचतों. तें कुटुंब कोणत्या ओळीपासून सुटलें, कोणाच्या लग्नांत, कोणत्या उसनवारींत, कोणत्या आजारपणांत त्यांच्या घरीं कोणी गेलें नव्हतें, हें पाहावयास खालीं उतरावें लागतें. तेवढा वेळ आम्ही देत नाहीं.

गळपट्टा झाला म्हणजे टोपी घ्यावी. हिच्यांत दोन नव्या गोष्टी शिकावयाच्या आहेत. एक उलट टाका. दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी विणली म्हणजे ती कपाळाला व कानांना घट्ट धरते. नव्या शिकणारांस उलट टाका म्हणजे कांहीं निराळाच टाका आहे असें वाटतें. तो निराळा नाहीं, सुलट टाकाच पाठीमागून पाहिला कीं उलट दिसतो. दुसरी गोष्ट माथ्याजवळ टाके कमी करणें. दोन टाके मिळून एक विणावयाचा, असें करीत करीत थोडे उरले कीं सर्वांतून धागा ओवून आंवळून घ्यावयाचा.

ज्या टोपीला आपण माकडटोपी म्हणतों आणि पहांटे दुधाला जाणारे म्हातारे जिच्यांतून केवळ डोळे-नाक दाखवितात, तिला इंग्रजी मुलुखांत बालाक्लाव्हा म्हणतात. हें नांव क्रिमियांतील एका गांवाचें आहे. तेथें १८५४ सालीं लढाई झाली, आणि त्या हिंवाळ्यांत गारठलेल्या शिपायांसाठीं घरोघरच्या बायकांनीं लोंकरीच्या टोप्या विणून पाठविल्या. नांव लढाईचें राहिलें. विणणारींचें राहिलें नाहीं.

टोपीसाठीं माप पाहिजे. येथें आम्हांस थोडें कडक बोलावयाचें आहे. दानधर्म करणारे लोक पुष्कळदां माप न घेतां देतात. स्वतःच्या सोयीचें, स्वतःच्या आवडीच्या रंगाचें, जें उरलें असेल तें. पूर्ण दिवसांच्या नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर सुमारें ३५ सेंटिमीटर असतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा याहून कमी. टोपी ताणते म्हणून ती घेरापेक्षां किंचित लहान करावी लागते. आधीं चार बोटें रुंदीचा नमुन्याचा चौकोन विणून, आपल्या हाताचे टाके किती सेंटिमीटरांत किती बसतात हें पाहावें, मग हिशेब करावा. कोणाचा हात घट्ट असतो, कोणाचा सैल. हा चौकोन विणण्याचा सर्वांस कंटाळा येतो, आणि मग सैल टोपी बाळाच्या नाकावर घसरते. असली टोपी देण्यापेक्षां न दिलेली बरी. धागा मऊ असावा, गळ्याभोंवतीं नाडी किंवा फीत लावूं नये, आणि ऊन चढलें म्हणजे टोपी काढावी, हेंहि आईला सांगावें.

लहान बाळाच्या टोपीस आम्ही इतकें महत्त्व कां देतों? बाळाच्या अंगाच्या मानानें त्याचें डोकें मोठें असतें, आणि तेथून ऊब फार जाते. कोलंबिया देशांत बोगोटा शहरीं १९७८ सालीं डॉक्टर एडगर रे यांच्या रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांचीं बाळें पुष्कळ आणि त्यांस उबेंत ठेवण्याचीं यंत्रें थोडीं, अशी अडचण होती. तेव्हां त्यांनीं बाळास आईच्या उघड्या छातीशीं उभें बांधून ठेवण्याची रीत काढिली. ती पुढें जगभर मान्य झाली. त्या रीतींत बाळाच्या अंगावर फार थोडें असतें. लंगोट, मोजे, आणि डोक्याला टोपी. आईची छाती देवानें दिलेली आहे, टोपी आपण देऊं शकतों.

हातमोज्यांत अंगठ्याची जागा येते तेव्हां तेवढे टाके विणावयाचे नसतात. ते एका सुट्या धाग्यावर काढून बाजूला ठेवतात आणि पंजा पुढें विणतात. शिकणारी पोर दर वेळीं घाबरते कीं हे टाके सुटले. ते सुटलेले नसतात. पंजा पुरा झाला म्हणजे त्यांची पाळी येते, आणि त्यांवाचून मोजा पुरा होत नाहीं. ज्या तरुण बंधूंस सेवेची इच्छा आहे आणि मंडळी दोन दोन वर्षें त्यांस कांहीं काम देत नाहीं, त्यांनीं हें एकदां पाहून घ्यावें. आणि धागा ज्यांच्या हातीं आहे त्या पंचांनीं तर अवश्य पाहावें, कारण टाके धाग्यावर ठेवून विसरणारेहि आम्हीं पाहिले आहेत. पायमोज्याची टांच ही सर्वांत अवघड. ओळ पुरी होण्याच्या आधींच परत फिरावयाचें, असें करीत टांचेची वाटी बनते. तें लिहून समजणार नाहीं. जाणत्याच्या शेजारीं बसावें.

आतां एक प्रश्न राहतो, आणि तो खरा आहे. बाजारांत यंत्रावरची टोपी स्वस्त मिळते. मग आठ दिवस डोळे कां शिणवावे? हें यंत्र काढणारा, परंपरा सांगते त्याप्रमाणें, एक पाळकच होता. इंग्लंडांत नॉटिंगहॅमजवळील कॅल्व्हर्टन गांवचा विल्यम ली, यानें १५८९ सालीं मोजे विणण्याचें पहिलें यंत्र केलें. एलिझाबेथ राणीनें त्याला सनद दिली नाहीं. हातानें विणून पोट भरणाऱ्या गरिबांची भाकर जाईल असें तिला वाटलें, अशी कथा आहे. ली फ्रान्सांत गेला, आणि तेथेंच मेला. यंत्र राहिलें. आम्ही यंत्राची निंदा करीत नाहीं. ज्याच्या हातीं पैसा आहे त्यानें दहा टोप्या विकत घेऊन कोप्यांत वांटल्या तर देव त्याचें बरें करो. परंतु ज्या बहिणीजवळ पैसा नाहीं, तिच्याजवळ संध्याकाळ आहे. एका गुंड्यांतून बाळाच्या टोप्या दोन निघतात. आणि विकत घेतलेल्या टोपीनें घेणाराच्या बोटांत कांहीं शिरत नाहीं.

ज्या मंडळ्यांत विणकाम विकून बायकांस चार पैसे मिळावे अशी योजना आहे, त्यांच्या चालकांस शेटलंडची गोष्ट सांगतों. स्कॉटलंडच्या उत्तरेस हीं बेटें आहेत. तेथील शेतकऱ्यांच्या बायका कमरेच्या कातडी पट्ट्यांत सुई खोंचून, पाठीवर जळणाची करंडी घेऊन चालतां चालतां विणीत. त्यांच्या लोंकरीच्या शाली इतक्या तलम कीं बोटांतल्या अंगठींतून ओढून काढतां येत. त्यांचें नांव मोठें झालें, आणि विणणारींचे हाल झाले. कारण व्यापारी त्यांस रोख पैसे न देतां चहा व कापड देत, आणि तेंहि आपल्याच दुकानांतील, आपल्याच भावानें. १८७२ सालीं सरकारी चौकशीचा अहवाल निघाला, त्यांत या बायकांच्या जबान्या आहेत. ज्यांनीं हें केलें ते लोक रविवारीं देवळांत बसणारेच होते. मजुरांचें अडकविलेलें वेतन ओरडतें, असें याकोबानें लिहिलें तें परराष्ट्रीयांस नव्हे. म्हणून बहिणीचें काम हातीं आलें कीं ठरलेली रक्कम तिच्या हातावर ठेवावी, तिच्या नवऱ्याच्या नव्हे. आणि मंडळीच्या वर्गणींत ती आपण होऊन वळती करूं नये.

टोपी कोणास द्यावी, याविषयींहि मंडळ्यांत वाद होतात. आधीं आपल्यांतल्यांस, असें पुष्कळ म्हणतात, आणि तें अगदींच गैर नाहीं. पण एका गांवीं जें झालें तें सांगतों. तेथील आमच्या एका विधवा बहिणीच्या सासूला ज्या वाड्याच्या दारीं वरून ओंजळींत पाणी वाढीत, त्या वाड्यांत अशक्त बाळ जन्मलें. हिनें तीन रात्रीं जागून टोपी विणली व घेऊन गेली. म्हातारी उंबऱ्याशीं आली. “काय आणलंस गं?” “बाळाला टोपी आणलीय, आईसाहेब.” “ठेव तिथं कट्ट्यावर.” ती ठेवून परत आली, आणि आम्हांस म्हणाली, “पास्तरसाहेब, मी टोपी बाळाला दिली कां कट्ट्याला?” आम्हीं तिला टबीथेची गोष्ट सांगितली नाहीं, ती तिला आमच्याहून अधिक चांगली ठाऊक होती. आठ दिवसांनीं दळण घेऊन जातांना तिला त्या घरची सून दिसली. खांद्यावर बाळ, आणि बाळाच्या डोक्याला तीच टोपी. कोणी कोणाशीं बोललें नाहीं. पौषांत म्हातारीचा निरोप आला कीं, बाळ वाढलें आहे, टोपी उजव्या कानावरून सरकते, आणि सुनेला हें काम शिकावयाचें आहे.

आतां कोणाच्या ओट्यावर बसून शिकावें, हा प्रश्न उभा राहिला. वाड्यांत हिला बोलावीत नाहींत, आणि सुनेला आमच्या वस्तींत येऊं देत नाहींत. तो प्रश्न अजून सुटलेला नाहीं. तूर्त त्या दोघी शाळा सुटल्यावर शाळेच्या पडवींत बसतात. सुनेचा गळपट्टा एका टोंकाला रुंद झाला आहे, आणि तिला चिंचोके दिले आहेत.

तीमथ्यानें पत्र वाचलें असेल तेव्हां त्याच्यापुढें त्रोवसची वाट होती, कार्पाचें घर होतें, आणि मग समुद्र. हिंवाळा लागला कीं त्या समुद्रांत गलबतें चालत नसत, म्हणून पौलानें त्याला घाई केली. तो झगा घेऊन वेळेवर पोहोंचला कीं नाहीं हें शास्त्रांत लिहिलेलें नाहीं. आमच्या कोप्या तर गांवाच्या शिवेवरच आहेत, मध्यें समुद्र नाहीं. कार्तिक संपत आला आहे. ज्यांच्या घरीं सुया आहेत त्यांनीं आज दिवा लावल्यावर ४० टाके घालावे. ज्यांच्या घरीं नाहींत त्यांनीं रविवारीं उपासनेनंतर थांबावें, आणि येतांना लेंकरांचीं मापें दोऱ्याला गांठी मारून आणावीं.